ख्रिस्तपट पाहून आलेला माणूस

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी या गावी एका उपवासकाळात आमचा मुक्काम होता. सायंकाळची प्रार्थना आटोपल्यावर अंगणात दोन बांबू रोवून त्यांवर पांढरी चादर ताणण्यात आली आणि तिच्यावर ‘दयासागर’ हा चित्रपट दाखविण्यात आला. १९७८ साली ‘करुणामयुडू’ या नावाने मूळ तेलुगूत निघालेला, प्रभू येशूच्या जीवनावरील हा चित्रपट हिंदीसह अनेक भारतीय भाषांतून खेडोपाडी पोहोचला आहे. अंगण अपुरे पडले तेव्हा पोरेटोरे चादरीच्या मागे जाऊन बसली. मागच्या बाजूने चित्र उलटे दिसते, उजवा हात डावा होतो. पण त्याची फिकीर कोणी केली नाही. क्रुसाचा प्रसंग आला तेव्हा चादरीच्या दोन्ही बाजूंना सारखीच शांतता होती. चित्रपट संपल्यावर एका आजींनी आम्हांला विचारले, “ही माणसं आपल्याकडचीच ना?” आम्ही ‘हो’ म्हणालो. नट तेलुगू होते, तेव्हा उत्तर खोटे नव्हते. पण आजींना नटांविषयी विचारायचे नव्हते, हे आम्हांला अंथरुणावर पडल्यावर उमगले.

असाच एक प्रश्न शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत गिरगावातील एका चित्रपटगृहात एका गृहस्थांच्या मनात उठला होता. पडद्यावर होते प्रभू येशू ख्रिस्त आणि पाहणारे होते त्र्यंबकेश्वरच्या एका वैदिक घराण्यातील ढुंडिराज गोविंद फाळके. ‘ही आपलीच का?’ असे त्यांनी विचारले नाही; ‘आपली कधी दिसणार?’ असे विचारले. त्या प्रश्नामागे ते इतके लागले, की त्यांतून भारतीय चित्रपट जन्माला आला. दादासाहेब फाळके यांचे नाव आज पुरस्कारामुळे सर्वांच्या कानी आहे. परंतु ज्या रात्री हे सारे सुरू झाले त्या रात्रीचा आपल्या समाजाशी असलेला संबंध आपल्या घरांतून फारसा बोलला जात नाही. फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, वारले नाशिकला. १९८७ साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिक धर्मप्रांताच्या हद्दीतच त्यांच्या आयुष्याची दोन्ही टोके येतात. कळसाडीही त्याच हद्दीत येते.

त्या रात्रीची तारीख सांगताना चरित्रकारांत एकमत नाही. कोणी १९१० चा नाताळ सांगतात, कोणी १९११ च्या ईस्टरचे दिवस. दोन्ही सण प्रभूचेच, आणि सणामुळेच तो चित्रपट लागला होता. चित्रपटगृहाचे नाव ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’. चित्रपटाचे नाव ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’. गिरगाव म्हणजे खोताच्या वाडीचा आणि सेंट तेरेझा चर्चचा परिसर. चाळींतले हिंदू आणि वाडीतले ख्रिस्ती तेथे पिढ्यान्पिढ्या शेजारी राहत आले. सणासुदीला ख्रिस्तपट लावला तर गल्ला जमेल हे चित्रपटगृहवाल्याला पक्के ठाऊक असणार. या घटनेत चर्चचा हात होता असे कोणी समजू नये. व्यवहार निव्वळ धंद्याचा होता.

तो चित्रपट कोणी काढला होता? बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो फ्रान्सच्या गोमाँ कंपनीचा १९०६ सालचा चित्रपट होय. पाथे या दुसऱ्या फ्रेंच कंपनीनेही त्या सुमारास याच विषयावर चित्रपट काढला होता, म्हणून काही जण त्याचे नाव घेतात. गोमाँचा चित्रपट एका स्त्रीने दिग्दर्शित केला होता, हे वाचून आमच्या वाचक भगिनींना आश्चर्य वाटेल. तिचे नाव ॲलिस गी. कंपनीत चिटणीस म्हणून लागलेली ही तरुणी १८९६ पासून चित्रपट करू लागली. लग्नानंतर १९०७ साली ती अमेरिकेस गेली, १९१० साली तिने ‘सोलॅक्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि न्यू जर्सीतील फोर्ट ली येथे स्टुडिओ उभारला. हॉलिवूडचे नाव व्हायच्या आधी अमेरिकेतील चित्रपटधंदा त्याच भागात होता. ख्रिस्तजीवनावरील तिच्या चित्रपटात पंचवीस दृश्ये आहेत. आपल्या देवळाच्या भिंतींवरील क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रे डोळ्यांपुढे आणावीत आणि त्यांतील माणसे हलू लागली आहेत अशी कल्पना करावी, म्हणजे त्या चित्रपटाची रीत ध्यानात येईल. कॅमेरा बहुधा एका जागी उभा. समोर गोठा, मंदिर, डोंगर, क्रूस. आणि एकामागून एक प्रसंग. कथा ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला त्यात काही अडत नाही.

फाळक्यांना ती कथा आपल्याइतकी ठाऊक नव्हती. तरीही ते खुर्चीला खिळून राहिले. पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या लेखांत त्यांनी त्या अनुभवाचे वर्णन केले आहे. डोळ्यांसमोरून ख्रिस्ताचे जीवन सरकत असता मनात श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती, असा त्याचा आशय आहे. घरी येऊन त्यांना चैन पडेना. लगेच पत्नीला घेऊन ते पुन्हा तोच चित्रपट पाहावयास गेले.

आमच्या काही मंडळींना हा प्रसंग सांगताना भूषण वाटते. भारतीय चित्रपटाचा उगम ख्रिस्तकथेत आहे, असे एक वाक्य आम्ही व्याख्यानांतून ऐकले आहे. ते आम्हांला पुरते पटत नाही. फाळक्यांच्या त्या रात्रीच्या भावनेत विस्मय होता, आदर होता आणि चडफडही होती. परक्यांचा देव पडद्यावर चालतो-बोलतो आणि आपला नाही, ही बोच होती. ते स्वदेशीचे दिवस होते. पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी त्यांनी सोडलेली होती. ही बोच वगळून केवळ आदर तेवढा सांगणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय.

याच्या उलट दिशेने घडलेली एक गोष्ट आपल्या वाचकांना चांगली ठाऊक आहे. इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ कसा उद्भवला, ते फादर स्टीफन्सनी ग्रंथातच सांगितले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे बंद झाली होती. मग आम्ही मन कशात रमवावे, आम्हांला दुसरे पुराण का देत नाही, असे त्यांच्यातल्या एकाने विचारले. पुराणे बंद का झाली आणि कोणी केली, याचे उत्तर आपल्याला फारसे सुखाचे नाही. पण त्या विचारण्यातून मराठीचे एक लेणे निपजले. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी आणि पुराणाचा थाट घेऊन एका परदेशी धर्मगुरूने बेथलेहेम मराठीत आणले. तीनशे वर्षांनी त्र्यंबकेश्वरच्या एका ब्राह्मणाने ख्रिस्तपटाची रीत उचलली आणि तिच्यात अयोध्या बसविली. पुराणाचा साचा एकदा आपण उसना घेतला आणि नंतर पडद्याचा साचा त्यांनी घेतला. यात कोण कोणाचा ऋणी, याचा हिशेब मांडू गेल्यास वही पुरणार नाही.

फाळके त्या रात्री कोण होते? जन्म ३० एप्रिल १८७०. वडील संस्कृतचे विद्वान. अध्यापनासाठी ते मुंबईस आले तेव्हा मुलगाही आला. १८८५ साली मुलाने जे. जे. कलाशाळेत नाव घातले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, ठसे बनविणे असे जे जे मिळेल ते तो शिकला. गोध्र्याला छायाचित्रकाराचा धंदा मांडला. तेथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोन्ही गेली. १९०२ साली दुसरा विवाह झाला. त्या सरस्वतीबाई, त्यांच्याविषयी पुढे लिहायचे आहे. पुरातत्त्व खात्यातील नोकरीनंतर फाळक्यांनी लोणावळ्यास छापखाना काढला, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचे काम केले, नवी यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीची वारी केली आणि अखेर भागीदारांशी न पटल्याने छापखान्यातून बाहेर पडले. म्हणजे ज्या रात्री त्यांनी ख्रिस्तपट पाहिला त्या रात्री त्यांचे वय चाळिशीचे होते, घरात लहान मुले होती आणि हाती धंदा नव्हता. आमच्या मते त्या रात्रीचे मोल कळायला ही शेवटची गोष्ट सर्वांत उपयोगी आहे.

त्यानंतर त्यांनी मिळतील तेवढे चित्रपट पाहिले. रोज चार-पाच तास पडद्यावर डोळे लावायचे, उरलेल्या वेळात परदेशी किंमतपत्रके वाचायची, झोप नावाला. परिणामी दृष्टी अधू झाली, आणि काही काळ तर डोळ्यांपुढे अंधारच आला. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांनी ती परत आली. चित्र पाहण्याच्या नादात नजर घालवून बसलेल्या माणसाला लोकांनी वेडा म्हटले असल्यास त्यांना दोष देता येत नाही.

मग भांडवलाचा प्रश्न आला. बारा हजारांच्या विमा पॉलिसी तारण ठेवून दहा हजारांचे कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके विलायतेस निघाले. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नाही. ज्या ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे अंक ते मुंबईत वाचत, त्याच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. संपादक केबर्न यांनी आधी त्यांना या फंदात पडू नका असे बजावले आणि मग सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. वॉल्टन येथील आपल्या स्टुडिओत हेपवर्थ यांनी सर्व कामे त्यांना दाखविली. एका अनोळखी परक्याला धंद्याची गुपिते उघडी करून दाखविणारा हा माणूस आम्हांला मोठा वाटतो. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी एवढे पदरात घेऊन फाळके एप्रिलमध्ये परतले.

कर्ज देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी एक लहानसा चित्रपट केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला, कॅमेरा समोर पक्का बसविला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्र घेतले. पडद्यावर दाणा फुटला, कोंब वर आला आणि मिनिटाभरात त्याचा वेल झाला. गव्हाचा दाणा भूमीत पडून मरण्याविषयी आपण शुभवर्तमानात ऐकतो. फाळक्यांपुढे ते वचन असण्याचे कारण नव्हते. पण दाणा पाहून सावकाराने थैली सैल केली, एवढे खरे.

‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या बंगल्यात तयार झाला. सुमारे सात महिने लागले आणि ३,७०० फूट लांबीची फिल्म भरली. नाटकात मिशा चालत नाहीत तशा तारामतीच्या सख्यांनाही त्या चालणार नव्हत्या. परंतु वडील हयात असता मिशा काढणे हिंदूंच्या घरी अशुभ, म्हणून नट अडून बसले आणि फाळक्यांना त्यांची समजूत काढावी लागली, असे सांगतात. वांगणीला बाहेरचे चित्रण करावयास मंडळी भाले-तलवारी घेऊन गेली तेव्हा गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि फौजदाराने सर्वांना अडकवून ठेवले. फाळक्यांनी कॅमेरा उघडून प्रत्यक्ष दाखविले तेव्हा कोठे सुटका झाली.

तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना. जाहिराती दिल्या, नायकिणींना विचारले, सगळीकडून नकार. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंखे हे नाजूक हातांचे तरुण गृहस्थ तारामती झाले. दैवाचा खेळ असा, की ज्या चित्रपटाने फाळक्यांना वेड लावले तो, अभ्यासकांचे म्हणणे खरे असल्यास, एका बाईने केला होता. फाळक्यांना हे ठाऊक असण्याचा संभव नाही. तेव्हा दिग्दर्शकाचे नाव पडद्यावर येतच नसे.

बाई मिळेना म्हणतो तेव्हा कॅमेऱ्यापुढची. कॅमेऱ्यामागे एक बाई पहिल्या दिवसापासून होती. सरस्वतीबाईंनी कर्जासाठी दागिने दिले, एवढेच बहुतेक लेखांत असते. त्या अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडीत, रसायने कालवीत, फिल्म धुवीत, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवीत आणि हे सारे सांभाळून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत. तारामतीची भूमिका करण्याविषयी पतीने विचारले असता त्यांनी मग हे सर्व कोण पाहील, असे म्हणून ती नाकारली. आम्हांला वाटते, भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील पहिली तंत्रज्ञ म्हणून त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात असावयास हवे होते.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविण्यात आला. आदल्या वर्षी त्याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ लागला होता; पण ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते आणि कॅमेरा इंग्रजाने चालविला होता. हरिश्चंद्राचे यश मिळताच फाळके नाशिकला गेले आणि तेथे त्यांनी घर, कारखाना व शाळा असे सर्व एकत्र थाटले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्यांना अखेर स्त्रिया मिळाल्या: दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले तेव्हा हेपवर्थ यांनी तेथेच राहून काम करण्याचा प्रस्ताव मांडला. फाळके नाही म्हणाले.

१९१७ चा ‘लंकादहन’ हा त्यांच्या वैभवाचा काळ. राम आणि सीता दोन्ही साळुंख्यांनीच केली. राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायातली पादत्राणे काढीत, असे वर्णन आहे. आम्ही कळसाडीला पाहिलेली चादरीमागची शांतता आणि ही पादत्राणे यांत आम्हांला फार अंतर वाटत नाही. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. तिचा पहिला आविर्भाव पाहण्यासारखा आहे: सुरुवातीला फाळके तिला साधी मुलगी म्हणून दाखवितात, निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणावयास लावतात, आणि मग तीच मुलगी कृष्ण होते. देव पडद्यावर आणणाऱ्या या माणसाने प्रेक्षकांपासून काही लपविले नाही. ही माझी पोर आहे असे आधी सांगितले आणि तरीही लोकांनी हात जोडले.

पुढचा भाग आम्ही थोडक्यात उरकतो, कारण तो तसा ओळखीचा आहे. १९१८ साली भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भागीदारांना हिशेब हवा होता, फाळक्यांना मोकळीक. खटके उडाले, फाळके रागाने कुटुंबासह काशीला गेले, ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. चित्रपटापुरता आपण मेलो आहोत असे त्यांनी ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकरांना कळविले, त्यांनी ते छापले आणि वाचकांची पत्रे येऊ लागली. फाळके परतले, पण पहिली झळाळी परतली नाही. शंभराच्या आसपास मोठे आणि वीस-पंचवीस छोटे चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. ‘सेतुबंधन’ मूक निघाला आणि १९३२ च्या सुमारास बोलपटाच्या लाटेत त्याला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापुरात केलेला ‘गंगावतरण’ १९३७ साली आला, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्याच सुमारास प्रभातचा ‘संत तुकाराम’ गाजत होता. देवांनंतर संत पडद्यावर आले होते आणि ते अधिक सहजपणे बोलत होते.

एका गोष्टीने आमच्या मनाला चटका लावला आहे. ॲलिस गी हिची कंपनीही बुडाली. १९२२ साली ती फ्रान्सला परतली, पुढे तिला दिग्दर्शनाचे काम मिळाले नाही, आणि उतारवयात आपले चित्रपट शोधीत ती अमेरिकेपर्यंत आली तेव्हा हाती जवळजवळ काही लागले नाही. तिचे काम इतरांच्या नावावर चढले होते. १९६८ साली न्यू जर्सीतच ती वारली. फाळक्यांच्या चित्रपटांपैकी आज थोडेच तुकडे शिल्लक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ही पुरता उरलेला नाही. त्या दोघांची भेट कधी झाली नाही, पत्र नाही, ओळख नाही. गिरगावातल्या एका पडद्याने त्यांची गाठ घातली असावी, एवढेच.

१९३९ साली मुंबईत भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला. तेव्हा व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने वर्गणी जमवून फाळक्यांना थैली देण्यात आली आणि त्या पैशांतून नाशिकला त्यांच्यासाठी लहानसे घर झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला. २००९ सालच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या मराठी चित्रपटाने त्यांची कथा अमेरिकेच्या ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून नेली. मुलांना दाखविण्याजोगा, हसतखेळत केलेला हा चित्रपट ज्या धर्मग्रामांत पडद्याची सोय आहे त्यांनी अवश्य आणावा. कळसाडीला तो चादरीवरही चालेल.

शेवटच्या वर्षांत फाळक्यांना पुन्हा चित्रपट काढावयाचा होता. दुसरे महायुद्ध चालू होते, कच्च्या फिल्मची टंचाई होती आणि चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागे. सत्तरी ओलांडलेल्या, प्रकृती खालावलेल्या फाळक्यांनी रीतसर अर्ज केला. सरकारकडून नकाराचे पत्र आले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिक येथे त्यांनी डोळे मिटले.